पिवळी रेघ भरेपर्यंत

१

वडीगोद्रीच्या गयासोद्दीनभाईंनी उभी हयात ट्रक चालवला. कापसाच्या गाठी, सोयाबीन, मोसंबी, सिमेंट, जो माल मिळेल तो भरला आणि जिथला असेल तिथं पोचवला. कधी गाडी उलटवली नाही, कधी कुणाला धक्का लावला नाही. अशा माणसाला लकव्यानं गाठलं ते घरातल्या मोरीत, सकाळी तोंड धुताना. उजवा हात आणि उजवा पाय लुळा पडला, आणि वाचाही गेली.

दवाखान्यातून घरी आणलं तेव्हा सगळ्या बोलण्यातून एकच शब्द त्यांच्यापाशी उरला होता. जल्दी. पाणी हवं असलं तरी जल्दी, पंखा बंद करायचा असला तरी जल्दी, पाठ दुखत असली तरी जल्दी. घरी सांभाळायला एकटी मुलगी, नाहिद. आई खैरुनबी आदल्या वर्षी वारली होती आणि भाऊ जीशान पुण्यात नोकरीला. नाहिद अंबडच्या शाळेत विज्ञान शिकवायची. सकाळची शाळा करून दुपारी एसटीनं परत यायची, आणि त्या एका शब्दाच्या चढउतारावरून अब्बांना काय हवंय ते ओळखायची.

डॉक्टरांनी सांगितलं होतं की बोटं कशानेही हलवा, पण हलवा. नाहिदनं मऊ चेंडू आणून दिला, गहू निवडायला दिले, पण अब्बा कशालाच हात लावीनात. जीशानला मात्र एक गोष्ट आठवली. त्याच्या कॉलेजच्या वेळचा कॉम्प्युटर बाहेरच्या खोलीत तसाच पडून होता आणि त्यात ट्रक चालवायचा एक जुना गेम होता. अब्बांना तोच लावून दे, असं तो फोनवर म्हणाला.

पहिल्याच दिवशी जादू झाली. नाहिदनं अब्बांचं लुळं बोट उचलून बाणाच्या बटणावर ठेवलं. बराच वेळ काही झालं नाही. मग बोट जरासं दबलं आणि स्क्रीनवरचा लांबलचक ट्रक हलला. परदेशातला गुळगुळीत रस्ता, दुतर्फा पिवळी शेतं. अब्बांची पाठ ताठ झाली आणि अर्ध्या चेहऱ्यानं ते हसले.

तेव्हापासून रोजचा नेम ठरला. जेवण झालं की मॉनिटरवरचं विणलेलं कापड काढायचं, अब्बांना हाताच्या खुर्चीत बसवायचं, गेम सुरू करायचा आणि आपण चहा टाकायला आत जायचं. अडचण एकच होती. गेम लोड व्हायला फार वेळ लागायचा. चहा उकळून, गाळून, बशीत ओतून होईपर्यंत स्क्रीन काळाच. तळाशी एक बारीक पिवळी रेघ गोगलगायीसारखी सरकत राहायची. नवं गाव आलं की पुन्हा काळा स्क्रीन, पुन्हा रेघ. रस्ता दिसेपर्यंत अब्बांचा हात गळून गेलेला असायचा आणि मानेवर घाम आलेला. "जल्दी, जल्दी," ते म्हणायचे.

जन्मभर रस्त्यावर राहिलेला माणूस, त्याला खोळंबा कसा सोसणार, असं नाहिदला वाटलं. हा वेळ कमी करायचाच, असं तिनं ठरवलं.

२

जीशाननं फोनवर सगळं समजावून सांगितलं. गेम जुना, कॉम्प्युटरची हार्ड डिस्क त्याहून जुनी. त्यात कॉलेजात असताना त्यानं हौसेनं ढीगभर जादा ट्रक आणि नकाशे घालून ठेवले होते. गेम उघडला की तो सगळा पसारा आधी आत यायचा. वर अँटीव्हायरस, नाक्यावरच्या पोलिसासारखा, एकेक फाइल थांबवून तपासायचा.

नाहिदनं जादा ट्रक आणि नकाशे काढून टाकले, गेमच्या फोल्डरला तपासणीतून सूट दिली, चित्रांचा दर्जा खाली आणला. फरक पडला. आता चहाला उकळी येईपर्यंत रेघ भरायची. याहून पुढं जायचं तर हार्ड डिस्कच बदलावी लागेल, असं जीशान म्हणाला. नव्या जातीची एसएसडी मी कुरिअरनं पाठवतो, तिच्यात फिरणारं काही नसतं, सगळं झटक्यात उघडतं.

त्याच दिवसांत एका दुपारी कडूबाकाका आले. हे अब्बांच्या गाडीवर क्लीनर म्हणून लागले होते, पुढं भागीदार झाले आणि आता त्यांचा स्वतःचा ट्रक होता. ते अब्बांच्या मागं खाटेवर टेकले. नाहिदनं गेम लावला आणि ती चहा करायला आत गेली.

कप घेऊन ती बाहेर आली, तर कडूबाकाका ओट्यावर जाऊन चपला घालत होते.

"घरी कोन्ही पाव्हणी आलीय का गं?" त्यांनी विचारलं.

नाहिद नाही म्हणाली. सैपाकघरात ती एकटीच होती.

"मंग ऱ्हाऊ दे. मला वाटलं मागं कोन्ही उभं हाये."

त्यांनी चहा ओट्यावरच उभ्याउभ्या घेतला. कप परत देताना त्यांची नजर तिच्या खांद्यावरून आत गेली आणि लगेच रस्त्याकडं वळली. नंतर बरेच दिवस ते फिरकले नाहीत.

३

दुसऱ्या दिवशी नाहिद आत गेली नाही. खुर्चीशेजारी स्टूल घेऊन बसली. काकांचं बोलणं तिच्या डोक्यात नव्हतं, निदान तिनं स्वतःला तसं सांगितलं. रेघ किती भराभर सरकते ते बघायचं होतं, एवढंच.

स्क्रीन काळा झाला. मॉनिटर चकचकीत काचेचा होता, त्यामुळं काळ्यात सगळी खोली उमटली. खाट, भिंतीवरचं घड्याळ, खुर्चीतले अब्बा, शेजारी ती स्वतः. दोघांच्या मागं आतल्या खोलीचं दार आणि दाराला फुलाफुलांचा पडदा. डिस्कचा आवाज येत होता, पत्र्याच्या डब्यात उंदीर फिरावा तसा.

काचेतला पडदा बाजूला सारलेला होता.

नाहिदनं मागं वळून पाहिलं. पडदा सरळ लोंबत होता, जराही हलत नव्हता. तिनं पुन्हा समोर पाहिलं. काचेत तो एका बाजूला गोळा करून धरलेला होता आणि दाराची काळी चौकट उघडी होती. तेवढ्यात रेघ भरली, रस्ता आला आणि खोलीचं प्रतिबिंब उन्हात विरून गेलं.

तिनं घाबरायचं नाही असं ठरवलं. आरशाला खोटं बोलता येत नाही, किरण जसे येतात तसेच परततात, हे ती दरवर्षी मुलांना फळ्यावर काढून दाखवायची. अब्बांचा खेळ झाल्यावर तिनं मॉनिटर बंद करून त्याच स्टुलावरून पाहिलं. बंद काचेत पडदा सरळच होता. पंखा थांबवून पाहिला, खिडकी लावून पाहिली, खुर्ची इकडची तिकडं केली. पडदा सरळच. मग तिनं पुन्हा गेम लावला. स्क्रीन काळा झाला, पिवळी रेघ निघाली, आणि पडदा बाजूला होता.

खुर्चीच्या दांडीवर अब्बांची डावी मूठ घट्ट आवळलेली होती, ते तिला खूप नंतर आठवलं.

४

दोन दिवसांनी चौकटीत कुणीतरी दिसलं.

डोक्यावरून ओढणी घेतलेली बाई. दाराच्या बाहीला टेकून उभी, मान थोडी कललेली. चेहरा ओढणीच्या सावलीत होता. पण ती उभं राहण्याची तऱ्हा नाहिदच्या ओळखीची होती. अब्बा लांबच्या फेरीवरून येऊन जेवायला बसले की अम्मी अशीच दाराला टेकून उभी राहायची. काही बोलायची नाही, नुसती बघत राहायची.

नाहिद स्टुलावरून पुढं झुकली. भीती वाटायला हवी होती, पण वाटली नाही. वर्षभर जे घर रिकामं वाटत होतं त्यात अम्मी अजून आहे, एवढंच तिच्या मनात आलं. रेघ भरली आणि दार पुसलं गेलं तेव्हा तिला रस्त्याचा रागच आला.

दुसऱ्या दिवशी पुण्याहून एसएसडीचं पाकीट आलं. नाहिदनं ते न फोडता कपाटात ठेवलं. जीशाननं विचारलं तर शाळेत परीक्षा चालू आहेत, सवडीनं बसवते, असं सांगितलं. आणि एवढ्यावर ती थांबली नाही. काढून टाकलेले जादा ट्रक, नकाशे, सगळा पसारा तिनं परत घातला. चित्रांचा दर्जा वर नेला. रेघ पुन्हा गोगलगायीच्या चालीनं सरकायला लागली.

अब्बांना फरक लगेच कळला. पहिल्याच दुपारी त्यांनी डाव्या हातानं तिचं मनगट धरलं. "जल्दी," ते म्हणाले. या शब्दाचे सगळे सूर तिला पाठ होते, पण हा त्यातला नव्हता.

तिनं त्यांचा हात थोपटला. "जरा रुको ना अब्बा. अम्मी है."

अब्बांनी जोरजोरात मान हलवली. डोळ्यांतून पाणी वाहायला लागलं. अम्मीच्या आठवणीनं रडताहेत, असं समजून नाहिदनं ते ओढणीच्या टोकानं टिपलं आणि पुन्हा काचेकडं वळली.

बाई रोज तिथंच असायची. जागची हलत नव्हती.

५

त्या दुपारी ऊन रखरखीत होतं. शेजारी कुणाचा तरी मिक्सर चालला होता, हायवेवरून गाड्या जात होत्या. नाहिदनं गेम लावला. रेघ निघाली, अर्ध्यावर आली, शेवटाला टेकायला आली आणि थांबली.

डिस्कचा आवाजही थांबला. गेम अडकला होता. जुन्या मशीनवर असं होतं, नाहिदला ते माहीत होतं. ती उठली नाही. उलट आता रस्ता येणार नाही, घाई नाही, म्हणून तिला बरंच वाटलं. काचेत बाई इतकी स्पष्ट पूर्वी कधी दिसली नव्हती.

"अम्मी," ती हळूच म्हणाली.

बाईनं मान वळवली नाही. नाहिद तिच्या ओढणीचा रंग ओळखायचा प्रयत्न करत होती. नजर खाली उतरली तेव्हा तिला खुर्चीची पाठ दिसली, आणि खुर्चीच्या पाठीवर एक हात.

बाई अजून दाराशीच होती. जागची हललेली नव्हती. हात मात्र खोली ओलांडून खुर्चीपर्यंत आलेला होता. मध्ये कोपर कुठंच नव्हतं.

शेजारचा मिक्सर बंद पडला, की नाहिदलाच ऐकू येईना झालं, कोण जाणे. तिनं अब्बांकडं पाहिलं. अब्बांनी तोंड तिच्याकडं वळवलेलं होतं, डोळे विस्फारलेले होते. ते सरळ तिच्याकडं बघत होते. तिनं पुन्हा समोर पाहिलं. काचेतल्या अब्बांनी तोंड वळवलं नव्हतं. ते दाराकडं मान कलती करून बसले होते, कुणी कानात काही सांगत असल्यासारखे. आणि त्यांचे ओठ, लकव्यानं न वाकलेले, सरळ ओठ, हळूहळू उघडत होते.

"जल्दी," तिच्या शेजारचे अब्बा म्हणाले. आवाज असा नव्हताच, नुसती हवा.

इतके दिवस ते हेच सांगत होते. रस्ता लवकर आण, असं नाही. मला इथून लवकर काढ.

नाहिदनं झेप घेऊन भिंतीवरचं बटण बंद केलं.

मशीन गपकन थांबलं. बंद काचेत खुर्ची होती, खुर्चीत अब्बा, त्यांच्याजवळ उभी ती, आणि मागं सरळ लोंबणारा पडदा. शेजारचा मिक्सर चालूच होता.

६

तिनं अब्बांना खुर्चीसकट ओढत ओट्यावर आणलं आणि कडूबाकाकांना फोन केला. काय सांगावं ते तिला कळेना. पण काकांनी काही विचारलंच नाही. "आलो," म्हणाले आणि आले.

काकांचं म्हणणं होतं, कॉम्प्युटर उचलून भंगारात टाकायचा. नाहिदचंही तेच म्हणणं होतं. अब्बांनी मात्र ऐकलं नाही. त्यांनी उजवा हात मांडीवरून उचलला, खरोखरच उचलला, आणि हवेत स्टेअरिंग धरल्यासारखी बोटं वाकवली. अंगठा थरथरत होता, पण मूठ झाली होती. डॉक्टरांनी महिनाभरापूर्वी ज्याची आशा सोडली होती ती मूठ. अब्बांना रस्ता हवा होता. रस्त्याआधीचा तो काळोखच तेवढा नको होता. त्यातून जावं लागतं म्हणून ते रोज दात आवळून जात होते, आणि आपण तो लांबवत नेला, हे नाहिदला त्या ओट्यावर कळलं.

तिनं कपाटातलं पाकीट फोडलं. कॉम्प्युटरचा डबा उन्हात आणून उघडला. जीशान फोनवरून दाखवत गेला, काका स्क्रू काढत गेले. जुन्या डिस्कवरचं सगळं नव्यावर उतरवून घेऊ, असं जीशान म्हणाला तेव्हा नाहिदनं साफ नकार दिला. जुन्यातलं काहीही नको. सिस्टिमही कोरी घालायची, गेम इंटरनेटवरून नव्यानं उतरवायचा, जादा काही टाकायचं नाही. अब्बांनी जिंकलेली गावं जातील, जीशान म्हणाला. जाऊ दे, ती म्हणाली. का, ते त्यानं विचारलं नाही, आणि तिनंही सांगितलं नाही.

जुनी डिस्क काकांनी फडक्यात गुंडाळून नेली. गल्लीच्या तोंडाशी उभ्या असलेल्या आपल्या ट्रकच्या मागच्या चाकाखाली ठेवली आणि गाडी मागंपुढं, मागंपुढं केली. गल्लीतली माणसं बघत राहिली.

गेम बसला तेव्हा उन्हं कलली होती. खुर्ची परत जागेवर आली. नाहिद खुर्चीच्या मागं, दाराकडं तोंड करून उभी राहिली. पडद्यावर नजर रोखली. समोर बघायचं काम तिनं काकांवर सोपवलं.

"लाव," ती म्हणाली.

काकांनी बटण दाबलं. पडद्याची खालची कड किंचित हलली. पंखा चालू होता, पंख्यानं हलली असेल. नाहिदनं श्वास धरला. मागून काहीच आवाज येईना. आणि मग अब्बा हसले, ते त्यांचं अर्ध्या चेहऱ्याचं हसू, घशातून आलेलं.

"आलं बी," काका म्हणाले.

ती वळली. स्क्रीनभर ऊन होतं. रस्ता होता.

"दिसलं का काही?"

"दिसायला येळच कुठं मिळाला."

नाहिद खाटेवर बसली आणि तिला एवढं हसू आलं की आवरेना. काकांनाही आलं. अब्बा गाडी चालवत राहिले.

७

हात सुधारला तशी वाचाही आली. आधी पानी, चाय, नंतर माणसांची नावं. नाहिदनं कधी विषय काढला नाही. दिवसातून कितीदा तरी गेम उघडायचा, कितीदा नवी गावं यायची. स्क्रीन पापणी मिटावी तेवढाच काळा व्हायचा. पिवळी रेघ दिसतसुद्धा नव्हती.

एका दुपारी अब्बांनी गाडी कडेला लावली आणि तिच्याकडं वळून, एकेक शब्द जुळवत बोलले.

"वो तेरी अम्मी नै थी."

"मालूम है, अब्बा."

"पूछती थी," अब्बा म्हणाले. बराच वेळ पुढचा शब्द सापडेना. "घर में... और कौन कौन है."

नाहिदनं वळून दाराच्या पडद्याकडं पाहिलं.

"मैंने नै बताया." त्यांनी स्वतःच्या ओठांना बोट लावलं. "जबानच नै थी. अच्छा हुआ."

नाहिदनं त्यांचा तो हात आपल्या हातात घेतला. काचेतल्या अब्बांचे ओठ उघडत होते, हे तिनं त्यांना सांगितलं नाही. आजवर सांगितलेलं नाही.

८

थंडी सरल्यावर कडूबाकाका रिकामा ट्रक घेऊन आले. शहागडचा पूल ओलांडून पलीकडं जाऊ, चहा पिऊन येऊ, म्हणाले. अब्बांनी नुसतं बसायचं, चालवायचं नाही, असं नाहिदनं दोघांकडून कबूल करून घेतलं. काकांनी आणि गल्लीतल्या पोरांनी मिळून अब्बांना वर चढवलं. नाहिद मध्ये बसली.

गाडी हायवेला लागली. दोन्ही बाजूंना वेचून झालेल्या कापसाच्या काळपट पऱ्हाट्या, मध्येच ज्वारीचा हिरवा तुकडा. अब्बांनी खिडकीची काच खाली केली. वाऱ्यानं त्यांची दाढी उडत होती. ते काही बोलत नव्हते, प्रत्येक येणाऱ्या गाडीकडं ओळखीचं माणूस भेटावं तसं बघत होते.

गोदावरीच्या पुलाच्या अलीकडं काकांनी वेग कमी केला. तेव्हा अब्बांचं लक्ष बाहेरच्या आरशाकडं गेलं. लांबोडा, दांडीवर लावलेला मोठा आरसा, धुळीनं माखलेला. अब्बांनी अंग वळवून उजवा हात खिडकीबाहेर काढला आणि बाहीनं आरसा पुसला. मग ते त्यात बघत राहिले.

नाहिदचा हात आपोआप त्यांच्या गुडघ्यावर गेला. काकांनीही ते पाहिलं आणि गाडी आणखी हळू केली.

अब्बा बघत होते. मागं लांबवर पसरलेला रस्ता, त्यावर ऊन, ऊस भरलेली एक बैलगाडी, तिच्या पलीकडं वडीगोद्रीकडून येणारी एसटी. त्यांनी आरसा बोटांनी जरा आत वळवला, ड्रायव्हरनं वळवावा तसा, आणि हात परत घेतला.

"पीछे कोई नै," ते काकांना म्हणाले. "चल."

काकांनी गिअर टाकला आणि गाडी पुलावर चढली.